डोळ्यांवरची पट्टी आणि नाकाजवळची फट : अतींद्रिय शक्तींच्या शास्त्रीय शोधाची गोष्ट

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात मुलांच्या एका प्रशिक्षणवर्गाचे प्रात्यक्षिक पाहिले. आठ-दहा वर्षांच्या मुलामुलींच्या डोळ्यांवर जाड काळी पट्टी बांधलेली होती आणि तरीही ती हातातल्या चेंडूचा रंग ओळखत होती, नोटेवरचा क्रमांक वाचत होती, चित्रात रंग भरत होती. मेंदूचा मधला भाग जागृत केल्यामुळे हे साधते, असे आयोजकांनी सांगितले आणि कोणी शंका काढण्याआधीच ‘या शक्तींकडे विज्ञानाने आजवर लक्षच दिलेले नाही’ असेही सांगून टाकले. आमच्या शेजारच्या वहिनी मुलीला घेऊन आल्या होत्या. घरी परतताना त्यांनी विचारले, “भाऊजी, हे खरं असेल का हो? एवढी फी भरायची म्हणजे दोनदा विचार करावा लागतो.”

पट्टीबद्दलचे उत्तर मी शेवटी देणार आहे, कारण आयोजकांचे ते दुसरे विधान मला अधिक खटकले. ते साफ चुकीचे आहे. या शक्तींचा शोध विज्ञानाने दीडशेहून अधिक वर्षे घेतला आहे. त्यात नोबेल पारितोषिक मिळवलेले शास्त्रज्ञ होते, नामवंत विद्यापीठे होती, अमेरिकेची गुप्तहेर खातीसुद्धा होती. या सर्वांना जे शोधायचे होते ते खात्रीने हाती लागले नाही, पण शोधता शोधता ‘एखादा दावा तपासायचा कसा’ याचे जे शास्त्र पक्के होत गेले, त्याचा आधार आज आपण घेतो त्या प्रत्येक नव्या औषधाच्या चाचणीला आहे.

अतींद्रिय म्हणजे नेमके काय?

डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा यांच्या मदतीशिवाय माहिती मिळते असा दावा असेल, तर तिला अतींद्रिय ज्ञान म्हणतात. दुसऱ्याच्या मनातले ओळखणे म्हणजे टेलिपथी. दूरची किंवा झाकलेली वस्तू दिसणे, पुढे घडणारे आधी कळणे आणि नुसत्या इच्छेने वस्तू हलवणे हे या कुळातले बाकीचे दावे. या सर्वांचा अभ्यास करणाऱ्या शाखेला परामानसशास्त्र हे नाव आहे. एवढे शब्द पुरेसे आहेत.

वाटी कोण सरकवते?

जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये वाढलेल्या पिढीला प्लँचेट ठाऊक असते. पाटावर अक्षरे लिहायची, मधे वाटी पालथी घालायची, तिघाचौघांनी तिच्यावर हलकेच बोट टेकवायचे आणि कोणाच्या तरी आत्म्याला बोलवायचे. वाटी सरकू लागते आणि बोट टेकवणारा प्रत्येक जण शपथेवर सांगतो की आपण ढकललेली नाही. तो खोटे बोलत नसतो, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

१८४८ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात फॉक्स नावाच्या बहिणींच्या घरी ‘आत्म्यांचे ठोके’ ऐकू येऊ लागले आणि तेथून युरोप-अमेरिकेत मृतांशी बोलण्याच्या बैठकांची लाट उसळली. (हे ठोके पायाच्या सांध्यांतून काढत होतो, असे त्यांच्यातल्या मार्गारेटने चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये जाहीरपणे करून दाखवले.) अशा बैठकांमध्ये लोक टेबलावर हात ठेवून बसत आणि टेबल फिरू लागे. विजेच्या अभ्यासामुळे आपल्याला शाळेपासून परिचित असलेले मायकेल फॅरेडे यांनी १८५३ मध्ये हे प्रकरण तपासायला घेतले. त्यांनी टेबल आणि हात यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर किंचित मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवले. टेबल स्वतःहून फिरत असेल तर खालचा थर आधी सरकेल आणि हात ढकलत असतील तर वरचा, इतका साधा विचार त्यामागे होता. वरचाच थर आधी सरकला. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे, हाताचा दाब दाखवणारा काटा बसणाऱ्यांना दिसेल असा ठेवताच टेबल फिरायचे थांबले. माणसाच्या अपेक्षेमुळे त्याचे स्नायू त्याच्या नकळत हलतात, हे यातून दिसून आले.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांना जमिनीखालचे पाणी शोधून देणारा पाणाड्या ओळखीचा असतो. त्याच्या हातातली दुबेळक्याची काडी किंवा तळहातावरचा नारळ विशिष्ट जागी वळतो, तो याच नकळत होणाऱ्या हालचालीने. ती जागा पाण्याची असते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो जर्मनीत १९८७-८८ मध्ये तपासला गेला. एका मोठ्या गोदामात खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ गाड्यावरून हव्या त्या जागी हलवायचा आणि वरच्या मजल्यावरच्या पाणाड्याने जागा सांगायची, अशी ती रचना होती. सुमारे पाचशे जणांतून निवडलेल्या ४३ जणांच्या ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांना त्यात काही जण यशस्वी वाटले, परंतु पुढे जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा ते निव्वळ योगायोगाशी जुळणारे निघाले. ज्या शेतकऱ्याने बोअरवेलवर लाखो रुपये घातले आहेत, त्याच्यासाठी ही माहिती मनोरंजनापुरती नाही.

लंडनची संस्था, मद्रासची चौकशी

१८८२ मध्ये लंडनमध्ये केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक यांच्या अध्यक्षतेखाली या विषयाच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली आणि तिच्यातल्या फ्रेडरिक मायर्स यांनी त्याच वर्षी ‘टेलिपथी’ हा शब्द घडवला. या मंडळींना थट्टाही करायची नव्हती आणि आंधळा विश्वासही ठेवायचा नव्हता. या संस्थेचे एक काम तर आपल्या देशात झाले. मद्रासजवळच्या अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या मुख्यालयात एका कपाटात ‘महात्म्यांची पत्रे’ आपोआप प्रकट होतात, असे सांगितले जात होते. संस्थेने १८८४ च्या अखेरीस रिचर्ड हॉजसन यांना तेथे पाठवले. त्या कपाटात पलीकडच्या शयनगृहातून, सोसायटीच्या एक संस्थापक मादाम ब्लाव्हॅट्स्की यांच्या खोलीतून, पत्रे ठेवता येत होती, असा निष्कर्ष त्यांच्या १८८५ च्या अहवालात होता. त्या अहवालावर शंभर वर्षांनी याच संस्थेच्या नियतकालिकात कडक टीका छापली गेली, हेही नोंदवले पाहिजे.

संस्थेने १७ हजार लोकांना विचारून एक मोठी पाहणीही केली. कोणी जवळ नसताना माणूस दिसल्याचा किंवा आवाज ऐकल्याचा अनुभव कधी आला आहे का, हा प्रश्न होता आणि सुमारे दहा टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले. पण आठवणीवर विसंबलेल्या अशा पाहणीची अडचण उघड आहे: मावशी वारली त्या रात्री ती दिसली हे जन्मभर लक्षात राहते, आणि ती दिसली पण सकाळी ठणठणीत होती, हे आठवड्यात विसरले जाते.

नंदीबैलाला पाऊस कसा कळतो?

दारी येणारा नंदीबैल ‘औंदा पाऊस पडेल का?’ या प्रश्नाला मान हलवून होकार देतो. मालकाच्या ढोलक्याच्या नादावर किंवा हाताच्या हालचालीवर मान हलवायला त्याला शिकवलेले असते आणि गावात लहान मुलांखेरीज कोणी त्यावर फसत नाही. बर्लिनमधला हान्स हा घोडा मात्र अधिक गूढ होता. तो टापा आपटून बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे द्यायचा, आणि मालकाला त्यात काही लबाडी करायची नव्हती. मालक नसतानाही घोडा बरोबर उत्तरे देत असे.

ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये त्याचे कोडे उलगडले. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकत होता. योग्य संख्येपर्यंत टापा पोहोचल्या की विचारणाऱ्याचे डोके त्याच्याही नकळत जरासे वर होई आणि घोडा तेवढ्यावर थांबत असे.

या घोड्याने शिकवलेला धडा असा, की उत्तर माहीत असलेला माणूस चाचणीच्या खोलीत असताच कामा नये. आज नव्या औषधाची चाचणी घेताना कोणाला खरी गोळी मिळाली आणि कोणाला नुसती पिठाची, हे रुग्णाला आणि शक्य तेथे तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळू देत नाहीत, तेही याच कारणासाठी.

पंचवीस पत्ते

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जे. बी. राइन यांनी १९३० च्या दशकात हा शोध बैठकींमधून बाहेर काढून प्रयोगशाळेत आणला. त्यांच्या पत्त्यांवर वर्तुळ, अधिक चिन्ह, लाटा, चौकोन आणि चांदणी अशी पाच चिन्हे होती, प्रत्येकाचे पाच पत्ते, म्हणजे एकूण पंचवीस. एकाने पत्ता पाहायचा, दुसऱ्याने ओळखायचा. नुसत्या अंदाजाने पंचवीसपैकी सरासरी पाच बरोबर येतात.

येथे ‘सरासरी’ हा शब्द नीट धरून ठेवावा लागतो. प्रत्येक वेळी पाचच येतील असे नाही. तीन ते सात ही रोजची गोष्ट आहे. शंभर मुलांची चाचणी घेतली तर कोणाकडे काहीही शक्ती नसताना चार-पाच मुलांचे नऊ किंवा त्याहून अधिक पत्ते बरोबर येतील. तेवढ्याच मुलांना मंचावर उभे केले तर पाहणारा थक्क होईल. म्हणून खरी परीक्षा त्यांची पुन्हा चाचणी घेण्यात आहे.

राइन यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९३३-३४ चा. ह्यूबर्ट पिअर्स नावाचा विद्यार्थी एका इमारतीत आणि पत्ते दुसऱ्या इमारतीत, अशा स्थितीत १८५० अंदाजांपैकी ५५८ बरोबर आले. अंदाजाने ३७० अपेक्षित होते. एवढा फरक योगायोगाने पडत नाही. राइन यांचे गणित चुकले असेल असे अनेकांना वाटले, परंतु अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी १९३७ मध्ये गणित बरोबर असल्याचा निर्वाळा दिला आणि आक्षेप घ्यायचा तर प्रयोगाच्या रचनेवर घ्यावा, असे सुचवले. तसे आक्षेप आले. छापील पत्त्यांपैकी काहींची चिन्हे मागच्या बाजूने ओळखता येत होती. पिअर्स आपल्या इमारतीत बसूनच होता का, यावर कोणाची नजर नव्हती, हे सी. ई. एम. हॅन्सेल यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. पिअर्सने लबाडी केली असा याचा अर्थ होत नाही. लबाडी अशक्य होईल अशी रचना नव्हती, एवढाच होतो. कडक रचनेत तसे यश पुन्हा मिळाले नाही.

काही ठिकाणी लबाडी सिद्धही झाली. इंग्लंडमधल्या सॅम्युअल सोल यांचे १९४१-४३ चे प्रयोग अनेक वर्षे भक्कम पुरावा मानले जात होते. १९७८ मध्ये बेटी मार्कविक यांनी त्यांच्या आकड्यांच्या यादीत मागाहून घुसवलेले अंक शोधून काढले. १९७४ मध्ये तर राइन यांच्याच संस्थेच्या संचालकांना उपकरणांत फेरफार करताना सहकाऱ्यांनी पकडले. मला या घटनेत एक आदराची गोष्ट दिसते: ही चोरी बाहेरच्या टीकाकारांनी नव्हे, त्याच विषयावर विश्वास असलेल्या तरुण संशोधकांनी पकडली आणि राइन यांनी ती लपवली नाही.

आपल्याकडेही हा अभ्यास झाला. राइन यांच्यासोबत काम केलेल्या के. रामकृष्ण राव यांनी १९६७ मध्ये आंध्र विद्यापीठात मानसशास्त्र आणि परामानसशास्त्र विभाग सुरू केला. अमेरिकेच्या सरकारने १९७२ पासून १९९५ पर्यंत दूरची ठिकाणे मनाने ‘पाहणाऱ्यांवर’ सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले आणि शेवटी तटस्थ परीक्षण मागवले. परीक्षकांपैकी जेसिका उट्स यांना आकड्यांत काहीतरी खरे आहे असे वाटले, रे हायमन यांना वाटले नाही. पण हेरगिरीच्या कामात या माहितीचा कधीही उपयोग झाला नाही, असा अहवालाचा निष्कर्ष होता आणि प्रकल्प बंद झाला.

एवढे मोठे शास्त्रज्ञ फसले कसे?

निसर्ग लबाडी करत नाही, त्यामुळे शास्त्रज्ञाला लबाडी ओळखण्याची सवय नसते. रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांच्यासारखा मोठा माणूस १८७० च्या दशकात आत्मे बोलावणाऱ्यांवर विश्वास ठेवून बसला, त्याचे कारण बुद्धीची कमतरता हे नव्हते. हातचलाखी पकडायला जादूगारच लागतो. जेम्स रँडी या जादूगाराने १९७९ मध्ये दोन तरुणांना अतींद्रिय शक्ती असल्याचे सोंग घेऊन अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या एका प्रयोगशाळेत पाठवले. पाच लाख डॉलरच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या त्या प्रयोगशाळेला ते सोंग ओळखता आले नाही आणि शेवटी १९८३ मध्ये रँडी यांनीच ते उघड केले.

ट्रायल बॉल

माझ्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा अध्याय २०११ चा आहे आणि त्यात लबाडी कोणाचीच नाही. डॅरिल बेम या नावाजलेल्या मानसशास्त्रज्ञाने हजाराहून अधिक जणांवर केलेले नऊ प्रयोग एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केले. संगणकाच्या पडद्यावरच्या दोन चौकटींपैकी कोणत्या चौकटीमागे चित्र येणार, हे संगणकाने ठरवण्याआधीच ओळखायचे, असा एक प्रयोग होता. विशिष्ट प्रकारच्या चित्रांसाठी ५० टक्क्यांऐवजी ५३.१ टक्के उत्तरे बरोबर आली. नऊपैकी आठ प्रयोगांनी भविष्य जाणवते असा कौल दिला. बेम यांनी मानसशास्त्रात तेव्हा सर्वमान्य असलेल्याच पद्धती वापरल्या होत्या.

त्यामुळे मानसशास्त्रज्ञांपुढे पेच उभा राहिला. याच पद्धतींनी भविष्यज्ञान सिद्ध होत असेल, तर एक तर भविष्यज्ञान खरे आहे किंवा पद्धतींमध्येच दोष आहे.

हा दोष गल्ली क्रिकेटच्या उदाहरणाने समजतो. पहिल्याच चेंडूवर फलंदाज बाद झाला की तो म्हणतो, ‘हा ट्रायल बॉल होता’. चौकार गेला तर मात्र तोच चेंडू मोजला जातो. संशोधकही नकळत असेच करतो. निकाल मनासारखा आला नाही तर ‘ती प्राथमिक चाचणी होती’ असे म्हणून तो बाजूला ठेवतो, आणखी चार जण घेऊन पाहतो, कधी फक्त मुलींचे आकडे वेगळे काढतो. त्यात भर म्हणून, यशस्वी प्रयोग छापून येतात आणि फसलेले टेबलाच्या खणात राहतात. पेटीच्या वरच्या थरातली द्राक्षे पाहून सगळ्या बागेचा भाव ठरवण्यासारखेच ते आहे. याच पळवाटा मुद्दाम वापरून तीन संशोधकांनी २०११ मध्येच दाखवून दिले की, एक विशिष्ट गाणे ऐकल्यामुळे माणसाचे वय दीड वर्षाने कमी होते, असेही ‘सिद्ध’ करता येते.

बेम यांचा एक प्रयोग तीन संशोधकांनी तीन ठिकाणी जसाच्या तसा केला, तेव्हा काही आढळले नाही. आणि ज्या नियतकालिकाने मूळ लेख छापला होता त्याने, पुनरावृत्तीचे प्रयोग आम्ही छापत नाही, असे सांगून या तिघांचा लेख परत केला. पुढे २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्के यशस्वी होते. पुन्हा केल्यावर फक्त ३६ टक्के तसे निघाले.

उपाय साधा आहे: किती जण घेणार, काय मोजणार आणि कोणता चेंडू ट्रायलचा, हे खेळ सुरू होण्याआधीच लिहून जाहीर करायचे. आपल्या देशात औषधांच्या चाचण्यांची अशी आगाऊ नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून ती सक्तीची आहे. विशेष म्हणजे, परामानसशास्त्राच्या एका युरोपीय नियतकालिकाने १९७० च्या दशकातच ‘आधी आराखडा पाठवा, आम्ही तो निकालाआधी स्वीकारू’ अशी पद्धत सुरू केली होती. मुख्य प्रवाहातल्या मानसशास्त्राने ती स्वीकारायला पुढे कित्येक वर्षे घेतली. आणि अशा आगाऊ आराखड्याच्या लेखांत अतींद्रिय शक्तीला यश बरेच कमी वेळा मिळाले, हेही पुढे दिसून आले.

‘पण मला स्वतःला अनुभव आला आहे’

एखाद्याची आठवण काढावी आणि त्याचाच फोन यावा, की आपण म्हणतो, ‘शंभर वर्षं आयुष्य आहे तुला!’ असा अनुभव खोटा नसतो. त्याचा अर्थ लावताना आपण मोजणी विसरतो. आठवण काढूनही फोन न आल्याचे प्रसंग कोणीच मोजत नाही. स्वप्न खरे ठरण्याचेही तसेच आहे. एका माणसाचे एका रात्रीचे स्वप्न दुसऱ्या दिवशीच्या घटनेशी तंतोतंत जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक एवढीच धरू. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक शहराची लोकसंख्या पंधरा लाखांच्या जवळ होती. म्हणजे रोज सकाळी या शहरात एक-दोघांचे स्वप्न खरे ठरणार, वर्षाला पाचशेहून अधिक जणांचे. आणि त्यातला प्रत्येक जण ते आयुष्यभर सांगणार.

मात्र अनुभवाला किंमत नाही असेही नाही. हान्स बर्गर नावाचा जर्मन तरुण १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सैनिकी सरावात घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याच्या चाकाखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली, कारण त्याच्या बहिणीला तो संकटात असल्याचे जाणवले होते. मनातून मनाकडे जाणारी ही ऊर्जा शोधायची असे ठरवून तो डॉक्टर झाला, आणि ती शोधता शोधता त्याने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी प्रथमच नोंदवल्या. आज फिटच्या रुग्णाचा ईईजी काढतात तो त्यातूनच आला. टेलिपथी मात्र त्याला सापडली नाही.

‘संशयी माणसासमोर शक्ती चालत नाही’ आणि ‘आपल्या ऋषींना सिद्धी होत्या’

पहिल्या आक्षेपाची अडचण अशी की, तो मान्य केला तर कोणताही दावा कधीच चुकीचा ठरवता येणार नाही. शिवाय प्रामाणिक चाचणीत संशयी माणसाने समोर बसण्याची गरजच नसते; नियम दोघांनी मिळून आधी ठरवले की पुरे. पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली ती अशीच होती. हुशार आणि मतिमंद अशा दोन्ही गटांतल्या मुलांच्या एकूण दोनशे पत्रिका होत्या. भाग घेतलेल्या २७ ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन कोणती कोणत्या गटातली हे ओळखायला सांगितले. त्यांची सरासरी ४६ टक्के आली. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी पन्नासच्या आसपास आली असती.

दुसऱ्या आक्षेपाला मी आदराने उत्तर देईन. पतंजलींच्या योगसूत्रांत सिद्धींचा उल्लेख आहे आणि त्याच ठिकाणी त्या समाधीच्या मार्गातले अडथळे आहेत, असेही म्हटले आहे. ज्या परंपरेने सिद्धी दाखवत फिरण्याला उणे मानले, तिचा हवाला फी घेऊन दिलेल्या प्रात्यक्षिकासाठी देता येत नाही.

मग पट्टीचे काय?

आंधळी कोशिंबीर खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की, पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि मान थोडी मागे केली की खालचे दिसते. सभागृहातली मुले वस्तू छातीजवळ धरून पाहत होती, हे मी तेव्हाच टिपले होते. वहिनींच्या मुलीला पहिल्या मोफत वर्गात ‘जमले’ होते, म्हणून रविवारी आम्ही घरीच तपासले. नाकाजवळ कापूस भरून वर पट्टी बांधली तेव्हा तिला काही वाचता आले नाही. तोच कापूस काढून पुस्तक मांडीवर ठेवले तेव्हा वाचता आले, आणि कपाळासमोर धरले तेव्हा पुन्हा नाही. तिला कोणीही खोटे म्हटले नाही. दिसते आहे ते ‘आतून दिसते’ असे तिला सांगितले गेले होते आणि तिने मोठ्यांवर विश्वास ठेवला होता.

मग तिच्याच आग्रहाने पुठ्ठ्याचे पंचवीस पत्ते कापले. किती वेळा खेळायचे ते आधी ठरवले: दोनदा. मी आतल्या खोलीत दार लावून पत्ते पिसले आणि एकेक उलटत क्रम लिहीत गेलो. ती बाहेर आजीशेजारी बसून आपले अंदाज लिहीत होती. पहिल्या डावात तिचे सहा बरोबर आले.

“पाच यायला हवे होते ना? एक जास्त आला की!” वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या डावात चार आले.